पाठमोरी बाई

चित्रकलेच्या शिक्षकांमध्ये एक बाई फार प्रसिद्ध आहे. ती कायम पाठमोरी उभी असते. डोक्यावर घागर, एक हात कमरेवर, नऊवारीचा काष्टा, अंबाडा, अंबाड्यात फूल. तिला चेहरा नसतो, कारण चेहरा चुकतो आणि चेहरा चुकला की मार्क जातात. बाजाराचा विषय आला की ती बाजारात उभी राहते, जत्रा आली की जत्रेत, आणि पाण्याचा विषय आला की विहिरीवर. मी तिला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकले. पुढे मीरा रोडच्या एका शाळेत नोकरीला लागले आणि चार वर्षं तिला शिकवत राहिले. आधी अंडं काढा, त्याखाली उलटी बादली, बादलीला दोन हात. मुलं तिला ‘टीचरची बाई’ म्हणायची. मला त्याचं कौतुक वाटायचं.

आठवीपासून आम्ही मुलांना चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसवतो. तिच्यात एक पेपर स्मरणचित्राचा असतो. परीक्षेचं म्हणणं साधं आहे: विषय देतो, आठवून काढा. विहीर काढा, झोपडी काढा, झोपडीमागे दोन डोंगर आणि मधून सूर्य काढा, असं कुणीही कधी लिहून पाठवलेलं नाही. ते आम्ही शिक्षकांनीच ठरवलं. मुलांना आठवत बसायला वेळ नको, म्हणून आम्ही त्यांना पाठ करायला लावलं. स्मरणाच्या जागी पाठांतर ठेवलं आणि फळ्यावर नाव मात्र स्मरणचित्र हेच लिहीत राहिलो. दोन शब्दांमधली ही चोरी माझ्यासारखीच्या लक्षात पहिल्याच दिवशी यायला हवी होती. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे.

हे शब्दशः खरं आहे. पप्पा दिवसा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. पाण्यासाठी, रेशनसाठी, रात्रशाळा बंद होऊ नये म्हणून. मी अक्षरओळख केली ती ‘जाहीर’ या शब्दावरून. पप्पांचा एकच नियम होता: डोळ्यांनी बघितलं नसेल तर लिहायचं नाही. एकदा एका वस्तीतल्या संडासांबद्दल पत्रक काढायचं होतं. बरोबरचे लोक म्हणाले, लिहा, शेकडो लोक रांगेत उभे असतात. पप्पा सकाळी स्वतः जाऊन रांगेत उभे राहिले आणि पत्रकात लिहिलं, ‘मी गेलो तेव्हा माझ्यापुढे अकरा जण होते. त्यातल्या एका आजींना उभं राहवत नव्हतं.’ ते पत्रक मला अजून पाठ आहे.

आणखी एक पत्रक आमच्या घरात गाजलं. छापखान्यात ‘जाहीर सभा’चं ‘जहरी सभा’ झालं. पप्पा आधी खूप हसले, मग गठ्ठा मोजायला बसले. नवी पत्रकं छापून वाटली गेली आणि चुकलेला गठ्ठा घरी पलंगाखाली आला. एका बाजूला जहरी सभा, दुसरी बाजू कोरी. असल्या कागदाला आमच्याकडे पाठकोरा म्हणतात. माझं सगळं लहानपण त्या पाठकोऱ्या कागदांवर गेलं. भांडणारे शेजारी, कुकर, पप्पांचे पाय, दिसेल ते मी त्यांवर काढलं. कागद आधीच वाया गेलेला होता, त्यामुळे माझ्या हातून वाया जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग कॉलेजात गेले, जाड पांढरा शुभ्र ड्रॉइंग पेपर हातात आला आणि हात घाबरायला लागला. त्यानंतर मी जे काही काढलं ते दाखवण्यासारखं काढलं. नोकरी लागल्यावर तेही थांबलं.

शाळेत मला आर्ट रूम आहे. ती जिन्याखाली आहे. तिच्यात क्राफ्ट पेपरचे रोल, मोडके डेस्क आणि मागच्या गॅदरिंगचा राजवाड्याचा पडदा राहतो, उरलेल्या जागेत मी. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत येते आणि तिच्यावरच्या एसीच्या पेट्या दिवसभर टपकत असतात. परीक्षा जवळ आली की माझे तास गणिताला जातात. कुणी शिक्षक गैरहजर असले की मला त्यांच्या वर्गावर पाठवतात, कारण चित्रकलेच्या टीचरला काय काम असतं. पावसाळ्यात ‘झाडे लावा’चा बोर्ड, हिवाळ्यात क्रीडा दिनाचा बोर्ड, मध्ये पाहुणे आले तर रांगोळी. डिप्लोमाच्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, स्वतःचं काय चाललंय? मी म्हणायचे, चाललंय. चाललेलं काहीच नव्हतं. माझ्या नावाची शेवटची चित्रं पत्र्याच्या पेटीत होती आणि पेटीवर इस्त्रीचे कपडे. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे आम्ही तिघं, आई, पप्पा आणि मी. पप्पांच्या पलंगाखाली पत्रकं, पलंगावर पप्पा, आणि उरलेल्या फरशीवर मी शाळेचे चार्ट रंगवत बसायचे. मला वाटायचं, मला अडकवलंय. शाळेनं, घरानं, या गावानं. या विषयावर मी केव्हाही भाषण देऊ शकले असते.

परीक्षेला दोन महिने होते. मी फळ्यावर विषय लिहिला, ‘पाणी भरणाऱ्या स्त्रिया’. तासाच्या शेवटी बाकांमधून फिरले. अठराव्या मजल्यावर राहणारी मुलं, नळ सोडून दुसरीकडे पाणी न पाहिलेली मुलं, आणि सगळ्यांच्या कागदावर विहीर, रहाट आणि माझी पाठमोरी बाई. मी खूश होऊन मान हलवत चालले होते. तिसऱ्या बाकावर एका मुलीच्या कागदाशी थांबले.

ही मुलगी भाईंदरच्या एका जुन्या चार मजली बिल्डिंगमधून यायची. वर्गात बोलायची कमी. तिनं जिन्याचा चौक काढला होता. मधोमध एक बाई, आमच्याकडे तोंड करून. मोठ्या फुलांचा गाऊन, खांद्यावर ओढणी, कान आणि खांदा यांच्यात दाबलेला मोबाईल, हातात पाईप, पाईपच्या तोंडावर अंगठा. पुढ्यात निळं पिंप, आणि त्यामागे घरात पाणी मावेल असं जेवढं काही होतं ते सगळं रांगेनं: बादल्या, पातेली, कुकरचा डबा, बाळाचा टब. हात अंगापेक्षा मोठे झाले होते. पिंप एका बाजूला कललं होतं. बाई मात्र कुणावर तरी फोनवर चिडलेली होती, हे चित्रावरून कळत होतं.

मी वाईट शिक्षिका नाही, हे आधी सांगते, कारण त्यामुळेच पुढचं घडलं. तिला मार्क मिळावेत असं मला मनापासून वाटत होतं. मी तिच्या शेजारी बसले, तिचा खोडरबर घेतला आणि करेक्शन करून दिलं. गाऊनचा काष्टा केला. मोबाईल खोडून घागर चढवली. चेहरा पुसून अंबाडा काढला. पिंपाची विहीर झाली, जिन्याच्या कठड्याचं झाड. पाच मिनिटांत मी एका बिल्डिंगचं गाव केलं. आमच्या भागात सगळ्यांनी मिठागरांच्या आणि भातशेतीच्या बिल्डिंगा केल्या, मी एकटीच उलट्या दिशेनं निघाले होते.

मुलगी बघत होती. मी कागद तिच्यापुढे सरकवला तेव्हा म्हणाली, “टीचर, ही माझी मम्मी होती.”

“अजून आहेच की,” मी म्हटलं. “फक्त साडी नेसवली तिला.”

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “टीचरने मेकओव्हर किया.” मीही हसले. ती हसली नाही. रागावलीही नाही. दुसऱ्याची पट्टी आपल्या दप्तरात आली तर परत करताना बोलतात तशा आवाजात म्हणाली, “नाही. आता ही तुमची बाई आहे.”

बेल झाली आणि मी सुटले. त्या दिवशी मी तिची माफी मागितली नाही.

घरी आले, फरशीवर बसले. पलंगाखाली हात घालून जहरी सभेचा एक कागद ओढला, पालथा केला. मी पुसलेली ती बाई मला परत काढायची होती. फुलांचा गाऊन, ओढणी, मोबाईल, सगळं आठवत होतं. पेन्सिल टेकवली आणि खाली उतरत गेली ती पाठ. अंबाडा. कमरेवर हात. दुसरा कागद घेतला, मुद्दाम चेहऱ्यापासून सुरुवात केली. चेहऱ्याचं अंडं झालं, अंडं कोरंच राहिलं आणि बघता बघता त्याचा मागून दिसणारा अंबाडा झाला. तिसऱ्या कागदावर तेच. चौथ्यावर मी हात मुद्दाम वाकडा धरून पाहिला, तरी तीच आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तोवर मला वाटत होतं की मी कोंडली गेलेय ती शाळेत. शाळेच्या दाराला निदान बाहेरून कडी होती, ती दिसत तरी होती. हे दार हातातच होतं.

पप्पा पलंगावरून बघत होते. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं आणि वाट पाहत बसले की ते आता शिक्षणव्यवस्थेबद्दल काहीतरी म्हणतील, म्हणजे मलाही म्हणता येईल. त्यांनी विचारलं, “तू बघितलीस का ती बाई?”

“चित्रात बघितली.”

“म्हणजे ऐकीव,” पप्पा म्हणाले आणि पेपर उघडला.

मला राग आला. तेवढ्यात दाराबाहेरून आईची हाक आली. आमच्याकडे संध्याकाळी वीसेक मिनिटं पाणी येतं. ते भरायचं काम आईचं. मी त्या वेळेला एरवी चार्टमध्ये डोकं घालून ‘आले आले’ म्हणत असते. त्या दिवशी उठले, दारात गेले. आई पिंपाशी उभी होती. गाऊन, वर टॉवेल, हातात पाईप. कित्येक वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. तरी मला कुणी विचारलं असतं की आई पाणी भरताना कुठे बघते, तर मी सांगितलं असतं, पिंपाकडे. ती पिंपाकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि ऐकत होती. पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज पोकळ येतो, भरत आलं की बारीक होतो. आई त्या आवाजावर होती. मान किंचित कललेली, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. पिंप भरायला चार बोटं उरली असताना तिनं न बघता अंगठा दाबला आणि पाईप बादलीत वळवला. एक थेंब बाहेर गेला नाही.

“बघतीस काय उभी राहून,” ती म्हणाली. “झाकण धर.”

मी झाकण धरलं. पाणी गेलं. मग आत येऊन पाचवा कागद पालथा केला आणि ती कललेली मान काढली. फक्त मान आणि कान. चांगली आली नाही. पण ती मागून काढता येत नव्हती. ऐकणारी बाई पाठमोरी काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला मी पुन्हा दारात होते. मी माझ्यासाठी एक नियम केला: पाणी असेपर्यंत फक्त बघायचं आणि झाकण धरायचं, पेन्सिल धरायची ती नळ गेल्यावर. म्हणजे खरं स्मरणचित्र. एका दिवशी अंगठा. एका दिवशी पिंपाला टेकलेला गुडघा. एका दिवशी समोरच्या काकूंचं पाणी आधी आलं तेव्हाचं आईचं तोंड. शाळा तशीच होती. तास गणिताला जात होते, एसी टपकत होता, मी वीर पुरुषांच्या जयंत्यांचे बोर्ड करत होते आणि माझं सगळं लक्ष संध्याकाळच्या वीस मिनिटांकडे असायचं. कैदी खिडकीशी उभा राहतो तशी मी नळाशी उभी राहत होते. पलंगाखालचा गठ्ठा कमी होताना पप्पांनी पाहिलं. एक चित्र उलटसुलट करून म्हणाले, “जहरी सभेला एवढ्या वर्षांनी अध्यक्ष मिळाला.”

अध्यक्षांना मात्र चित्र आवडलं नाही. मी सगळ्यात बरं जमलेलं एक चित्र आर्ट रूमच्या दारावर लावायचं ठरवलं आणि आदल्या दिवशी आईला दाखवलं. तिनं ते लांब धरलं, जवळ धरलं.

“गाऊनवर काढलीस व्हय गं मला?”

मी म्हटलं, तू गाऊनवरच तर असतेस.

“असते. चारचौघांत लावायचं असंल तर साडी नेसव.”

मग मी भाषण केलं. माझ्याकडे ते तयारच होतं. कष्ट करणाऱ्या बाईला चित्रात साडी आणि घागर देऊन आपण तिचे कष्ट कसे झाकतो, गाऊन हा आजच्या शहरातल्या बाईचा कामाचा कपडा कसा आहे, त्याची लाज कुणी निर्माण केली. चांगलं भाषण होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत पूर्ण ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, “तुझं तू काय काढायचं ते काढ. मी अंगावर काय घालून लोकांपुढं जायचं, ते माझं मी बघीन.”

पेपरामागून पप्पा म्हणाले, “हरकत मंजूर.”

मी चित्र दारावर लावलं नाही. त्या दिवशी मला जे कळलं ते मला अजून नीट पत्रकासारखं मांडता येत नाही. मी एका बाईचा गाऊन तिला न विचारता पुसला होता. आता दुसऱ्या बाईचा गाऊन तिला न विचारता टांगायला निघाले होते. दोन्ही वेळा माझ्याकडे कारण होतं आणि दोन्ही वेळा ते चांगलं होतं.

परीक्षा आली. आदल्या दिवशी मी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, पाण्याचा विषय आला तर तुझी मम्मी काढ, होती तशी काढ. तिनं मान हलवली. विषयांत पाण्याचा होता. पेपर सुटल्यावर मी फाटकाशी उभी होते. विचारलं, काय काढलंस?

“बाई. पाठमोरी.”

माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं, तिनं समजावून सांगितलं. मम्मी बोलली होती, गाऊनमध्ये नको काढू, बाहेरचे लोक बघतात. मग म्हणाली, “आणि टीचर, ती बाई मला आता खूप फास्ट येते.”

निकाल लागला तेव्हा तिला ए ग्रेड होती. प्रार्थनेच्या वेळी प्रिन्सिपल मॅडमनी मला पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं आणि पुढच्या वर्षी सगळ्याच मुलांना परीक्षेला बसवू असं जाहीर केलं. माझा आवडता शब्द होता तो. टाळ्या संपेपर्यंत मी फूल धरून उभी होते. मुलांच्या रांगांकडे तोंड होतं माझं. कितीतरी वेळ वाटत होतं की वळावं आणि पाठ करून उभं राहावं.

मधल्या सुट्टीत मी तिला आर्ट रूममध्ये बोलावलं. मधल्या महिन्यांत मी तिच्या मम्मीचं चित्र पुन्हा जुळवलं होतं. तिच्या कागदावरचं जेवढं आठवत होतं तेवढं तिचं, आणि उभं राहणं, अंगठा, पिंप आईकडून पाहून घेतलेलं. पाठकोऱ्या कागदावरच होतं. मी ते डेस्कवर ठेवलं आणि म्हटलं, त्या दिवशी मी तुझं चित्र बिघडवलं, सॉरी. शिक्षकांनी सॉरी म्हटलं की मुलं इकडेतिकडे बघतात तशी ती आधी खिडकीतल्या भिंतीकडे बघत राहिली. मग चित्राकडे. बराच वेळ बघितलं. कुकरच्या डब्यावर बोट ठेवून हसली.

“पाईप चुकीच्या हातात आहे,” ती म्हणाली. “मम्मी डावरी आहे.”

तिनं तो डाव्याच हातात काढला होता. मी खोडताना ते पाहिलं नव्हतं, आणि आठवून काढताना माझ्या हातानं तो आपोआप उजवीकडे दिला होता. मी पेन्सिल तिच्यापुढे धरली. म्हटलं, तू दुरुस्त कर. तिनं हात मागे घेतला.

“तुम्हीच काढा परत. मला करेक्शन नाही आवडत.”

मग ती निघाली तेव्हा मीच तिला सांगितलं, मम्मीला विचारून ये, असं काढलेलं चालेल का. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी ती दारात आली, आत न येता म्हणाली, “मम्मी बोलली चालेल. पण ओढणी नीट काढा.”

त्या संध्याकाळी पाणी आलं तेव्हा मी आईच्या हातातून पाईप घेतला. डाव्या हातात धरला. मला बघायचं होतं की तसं धरल्यावर कुठला खांदा वर जातो, मोबाईल मग कुठल्या कानाला लागतो, आणि नीट घेतलेली ओढणी अशा वेळी राहते कुठे. अंगठा बसेना. पाणी भिंतीवर उडालं, माझ्या तोंडावर उडालं, बाजूच्या बादलीच्या भोवती तळं झालं. आई ओरडली, उजव्या हातानं धर, पाणी काय फुकट येतं का. मी म्हटलं, थांब जरा. आणि डोळे मिटून पिंपाचा आवाज ऐकत राहिले, तो अजून पोकळ येत होता.